डिस्पोजलचा ट्रक आणि घरी परतलेला शिपाई

गेल्या वेळी आपण 1945 सालच्या ऑगस्टपाशी थांबलो होतो. युद्ध संपलं, दिवे लागले, मिरवणुका झाल्या. आज आपल्याला त्यापुढच्या दोन वर्षांकडे बघायचं आहे, आणि तेही एका ट्रकच्या खाली झोपून, हातात पाना घेऊन. विषय थोडा तेलकट आहे, पण सोडवणार नाही अशी खात्री देतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या आठवणी निघतात, त्यांनी 'डिस्पोजलचा माल' हा शब्द ऐकला असेल. डिस्पोजलचं घोंगडं, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची पाण्याची बाटली. सरकारी भाषेत या मालाचं नाव 'अतिरिक्त' किंवा 'फाजील'. लढाईसाठी आणला, लढाई संपली, आता नको. या नको झालेल्या मालात सर्वांत मोठी, सर्वांत मोलाची आणि सर्वांत अवघड वस्तू म्हणजे ट्रक. घोंगडं खांद्यावर टाकून नेता येतं. ट्रक घरी न्यायचा तर आधी तो चालू करावा लागतो.

एवढे ट्रक आले कुठून, ते आधी बघू. दोन ओघ होते. पहिला कॅनडाचा. तिथे फोर्ड आणि शेवरोलेट या दोन कंपन्यांनी मिळून एका नमुन्याचे, नकट्या नाकाचे लष्करी ट्रक चार लाखांच्या वर बनवले. उजव्या हाताचं स्टिअरिंग, म्हणजे आपल्या रस्त्यांना सोयीचं. भारतीय फौजेत हेच ट्रक जास्त दिसत. त्यातले बरेच सुटे होऊन, लाकडी खोक्यांतून मुंबईच्या बंदरात उतरत आणि इथे जोडले जात. जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा कारखाना शिवडीला 1928 पासून होताच. युद्धात तो लष्कराच्या कामाला लागला. म्हणजे युद्ध संपेपर्यंत हा ट्रक पहिल्या बोल्टपासून जोडलेले हात मुंबईत तयार झालेले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा ओघ अमेरिकेचा. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, चीनचा रस्ता तुटला, आणि अमेरिकेने आसामातल्या लेडोपासून डोंगर फोडून नवा रस्ता काढला. पहिला काफिला 12 जानेवारी 1945 रोजी लेडोहून 113 गाड्या घेऊन निघाला आणि 4 फेब्रुवारीला चीनमध्ये कुनमिंगला पोचला. जवळपास 1,079 मैल. रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती, आणि त्यांच्याबरोबर हजारो भारतीय मजूर राबले. यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. असो.

या रस्त्यावर मुख्य ओझं वाहिलं ते जीएमसीच्या अडीच टनी ट्रकने. सहाच्या सहा चाकांना ताकद, 4.4 लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. युद्धकाळात असे साडेपाच लाखांच्या वर बनले. अमेरिकी शिपाई त्याला लाडाने 'जिमी' म्हणत.

आणि मग ऑगस्टमध्ये हे सगळं एका दिवसात फाजील झालं.

परत न्यावं तर जहाजाचं भाडं परवडत नाही, आणि नेलं तरी तिकडचे कारखानदार ओरडणार, की आमचे नवे ट्रक घेणार कोण? पॅसिफिकमध्ये, आजच्या वानुआतूतल्या एका किनाऱ्यावर, अमेरिकी फौजेने ट्रक, जीप, बुलडोझर सरळ समुद्रात ढकलले. ती जागा आजही पाणबुडे बघायला जातात. फिलिपिन्समध्ये जीप लोकांच्या हाती गेल्या, लांब केल्या गेल्या, रंगवल्या गेल्या आणि 'जीपनी' झाल्या. आपल्याकडे मे 1946 मध्ये अमेरिका आणि भारत सरकार यांच्यात हिशेबाचा करार झाला आणि इथला अमेरिकी साठा भारत सरकारच्या ताब्यात आला. तो विकायला डिस्पोजल्सचं स्वतंत्र खातं होतं. हेच पुढे पुरवठा खात्यात मिसळलं.

आता इथे एक दुसरी फाजील गोष्ट आणतो. 1939 साली भारतीय फौज दोन लाखांच्या आसपास होती. 1945 मध्ये ती पंचवीस लाखांवर गेली. ज्या पोरांनी गावात बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं, त्यांना लष्कराने काही महिन्यांत ड्रायव्हर केलं. 1943 मध्ये विद्युत आणि यांत्रिक दुरुस्तीसाठी वेगळी शाखाच उभी राहिली, आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे नवे पेशे हजारोंच्या हाताला चिकटले. शिकवणं चालायचं रोमन लिपीत लिहिलेल्या उर्दूतून. म्हणजे साताऱ्याचा मराठा, बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा जवान, पंजाबी, मद्रासी, सगळे एकाच तोडक्यामोडक्या भाषेत गिअरबॉक्स शिकले. आपल्या गॅरेजची भाषा कशी जन्मली, याचा हा एक धागा. डिस्ट्रिब्युटरला आपला मिस्त्री 'डेल्को' म्हणतो ना? ते जनरल मोटर्सच्या गाड्यांवर असणाऱ्या डेल्को-रेमी या छापाचं नाव. छाप गेला, नाव राहिलं.

युद्ध संपल्यावर ही माणसंसुद्धा फाजील झाली. डिस्चार्ज बुक हातात, थोडी साठलेली रक्कम, आणि गावाचं तिकीट. इतिहासाच्या पुस्तकांत ट्रकांचं डिस्पोजल एका प्रकरणात येतं आणि सैनिकांची मुक्तता दुसऱ्या प्रकरणात. आमचं म्हणणं असं, की ही एकच गोष्ट आहे. तो ट्रक त्या माणसाशिवाय घरी येऊच शकला नसता.

हे नीट कळायला एक काल्पनिक खरेदीदार घेऊ. काल्पनिक आहे हे आधीच सांगतो, नाहीतर व्याख्यानानंतर कोणीतरी त्याचं गाव विचारतं. समजा, 1947 चा जानेवारी. नाशिकचा एक कंत्राटदार बंगालमध्ये पानागढला पोचला आहे. बर्दवानच्या पश्चिमेला, ग्रँड ट्रंक रस्त्यावरचं हे गाव. युद्धात तिथे अमेरिकी हवाई दलाचा मोठा तळ होता. जुन्या लष्करी गाड्यांचा बाजार म्हणून पानागढचं नाव नंतरही कित्येक दशकं राहिलं. कंत्राटदाराबरोबर दोन माणसं आहेत, दोघं नुकते फौजेतून सुटलेले. एक ड्रायव्हर, एक फिटर.

विक्रीची अट एका ओळीची: जशी आहे, जिथे आहे. चालेल की नाही, याची हमी नाही. आणि विक्री बहुधा लॉटने, एकेक नव्हे. त्यामुळे आपला कंत्राटदार तीन घेतो. तीन मोडून एक-दीड करायचा, हा हिशेब.

फिटर पहिल्यांदा इंजिनकडे जात नाही. तो मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलचा बोल्ट काढून बोट घालतो. तेल काळं आलं तर ठीक. दुधाळ आलं तर पाणी शिरलं आहे, ही गाडी नदीतून गेलेली आहे आणि आतले बेअरिंग गंजलेले असणार. मग रेडिएटर बघायचा, ब्लॉकला तडा आहे का बघायचं. मग हँडल लावून इंजिन हाताने फिरतंय का. नाही फिरलं तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. इथे जोर करणारा माणूस फसतो. दुसऱ्या दिवशी हँडल हळूच मागे-पुढे, मागे-पुढे. रिंगा सुटल्या की हाताला कळतं.

पेट्रोलचं वेगळंच. दीड वर्ष टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो, वासाला व्हार्निशसारखा. तो कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसतो. टाकी धुवायला वेळ नसेल तर तिला हातच लावायचा नाही: पेट्रोलचा डबा इंजिनपेक्षा उंच टांगायचा आणि रबरी नळीने थेट कार्ब्युरेटरला द्यायचा. आम्ही स्वतः एका जुन्या गाडीवर हा प्रयोग केला आहे, आणि तोंडाने नळी ओढताना घोटभर पेट्रोल पोटात गेल्यावर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. इतिहासाच्या अभ्यासकाने साधनांची चव घ्यावी, पण इतकी नको.

मग ठिणगी. डेल्कोचं झाकण काढायचं, पॉइंट काळे-हिरवे पडलेले असतात, बारीक पॉलिश पेपरने घासायचे. तारा प्लगवर परत लावताना क्रम चुकता कामा नये: 1-5-3-6-2-4. हा पाढा जीएमसीलाही तोच आणि शेवरोलेटच्या सहा सिलिंडरलाही तोच. बॅटरी सहा व्होल्टची, बहुतेक मेलेली. सेल्फ विसरा. हँडल मारायचं, अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूला ठेवून. नाहीतर इंजिनने उलटा झटका दिला की अंगठा गेला.

इंजिन सुरू होणं हा आनंदाचा क्षण खरा, पण घरी नेण्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा भागही तोच. गाडी सुरू होण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं. या ट्रकांना ब्रेक तेलाचे. चाकाच्या आत छोट्या सिलिंडरमध्ये रबरी कप असतात. उभ्या गाडीत ते चिकटतात, कडक होतात. चाक मोकळंच होत नाही, किंवा मोकळं होतं आणि पेडल दाबल्यावर तेल बाहेर. नवे कप नाहीत. मग तिन्ही ट्रकांची मिळून अठरा चाकांची कामं काढायची आणि त्यातले सहा चाकांपुरते धड कप निवडायचे. ब्रेकचं तेल त्या काळी एरंडेलाच्या पायाचं. त्याऐवजी साधं इंजिन ऑइल ओतलं तर रबर फुगून ब्रेक जाम होतो. हे ज्याला माहीत नव्हतं त्याने घाट उतरायच्या आधीच धडा घेतलेला बरा.

टायर तर उन्हात भेगाळलेलेच. आणि लष्करी चाकाची एक वाईट खोड असते: टायर एका लोखंडी रिंगने अडकवलेला असतो. हवा भरताना ती रिंग नीट बसली नसेल तर गोळीसारखी उडते. जाणता माणूस हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळतो आणि बाजूला उभा राहतो, समोर नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं झाडाखाली कसं व्हायचं? तर इथेच या यंत्राचं वैशिष्ट्य आहे. ते झाडाखालीच दुरुस्त व्हावं म्हणून बनवलेलं होतं. अमेरिकी लष्कराने दुरुस्तीच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या, पहिली ड्रायव्हरची, शेवटची मोठ्या तळावरची. जास्तीत जास्त काम खालच्या पायऱ्यांवर उरकावं हा हेतू. ट्रकबरोबर चित्रांसकट जाडं पुस्तक असे. शिवाय 'आर्मी मोटर्स' नावाचं मासिक होतं, त्यात विल आइसनरने काढलेला 'जो डोप' हा वेंधळा शिपाई गाडीची कशी वाट लावतो ते व्यंगचित्रांतून दाखवायचे. कॅबमध्ये पत्र्याच्या पट्टीवर गिअर कसे टाकायचे आणि कुठल्या गिअरमध्ये किती वेग चालेल, ते कोरलेलं. थोडक्यात, अर्धवट शिकलेल्या, थकलेल्या, घाबरलेल्या माणसालाही जमावं असं यंत्र. लढाईसाठी केलेली ही सोय शांततेच्या काळात गरीब देशाच्या कामी आली, आणि हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

चला, ट्रक निघाला. एक चालू, दुसरा मागे टोचन करून, तिसऱ्याचे सुटे भाग हौद्यात. वाघीण मिळाली असती तर रेल्वेने नेला असता, पण ती मिळणं कठीण. पानागढहून सरळ नागपूरकडे यावं असं नकाशा बघून वाटतं. पण त्या बाजूच्या कित्येक नद्यांवर मोटारीचे पूल नव्हते. भरवशाचा रस्ता म्हणजे ग्रँड ट्रंकने आसनसोल, बनारस, अलाहाबाद, कानपूर, आग्रा. तिथून मुंबई-आग्रा रस्त्याने ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक. दोन हजार किलोमीटरच्या वर. त्यातही डेहरीला शोण नदी आडवी. तिच्यावर मोटारीचा पूल 1960 च्या दशकात झाला. तोवर पाणी उतरलं असेल तर पात्रातून, नाहीतर गाडी रेल्वेवर चढवून पलीकडे.

आणि पेट्रोल! जीएमसीची टाकी सुमारे 150 लिटरची, आणि एक लिटरला जेमतेम तीन-सव्वातीन किलोमीटर. करा हिशेब: नाशिकपर्यंत चार टाक्या रिकाम्या होऊन पाचवीला हात लागतो, तोही दुसरा ट्रक मागे ओढत नसेल तर. पेट्रोलचं रेशनिंग अजून उठलेलं नव्हतं. म्हणजे कूपन हवीत. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी हवी, भाड्याने माल वाहायचा तर परवाना हवा. ट्रकपेक्षा कागद जुळवायला जास्त दिवस लागत असतील, असं आम्हाला वाटतं.

रस्ताही शांत नव्हता. चार-पाच महिन्यांपूर्वी कलकत्त्यात कत्तली झाल्या होत्या, मग बिहारमध्ये. लष्करी रंगाचा, खुणा न पुसलेला ट्रक गावात शिरला की लोक काय समजत असतील? मदत आली की मारेकरी आले? त्याच वर्षी ऑगस्टनंतर पंजाबात असेच ट्रक निर्वासितांना सीमेपार नेत होते.

तर असा ट्रक नाशिकला पोचतो. आता प्रश्न: तो कोणाचा?

इथे आमचं मत थोडं कडवट आहे. लॉटने विक्री म्हणजे भांडवल असलेल्याला विक्री. तीन ट्रक घेऊन दोन मोडण्याची ऐपत कंत्राटदाराची, सुटलेल्या शिपायाची नाही. काही प्रांतांत माजी सैनिकांच्या सहकारी मोटार वाहतूक संस्था निघाल्या, त्यांना गाड्या द्याव्यात असे प्रयत्न झाले, हे खरं. पण बहुतेक ठिकाणी ट्रक मालकाचा झाला आणि ज्याने तो जिवंत केला तो पगारी ड्रायव्हर झाला. दोन फाजील गोष्टी भेटल्या, पण एकीवर दुसरीची मालकी नव्हती.

तरीही त्या माणसाला काहीच मिळालं नाही, असं म्हणणार नाही. महार रेजिमेंटमधून किंवा लष्करी वर्कशॉपमधून परतलेल्या तरुणाचा विचार करा. गावात त्याच्यासाठी वतनाचं काम थांबलेलं होतं. ते वतन कायद्याने जायला 1958 साल उजाडलं. पण ज्याला वॉल्व्ह बसवता येतो त्याला गावाबाहेर पगार मिळतो. तो नाशिकला, पुण्याला, कुर्ल्याला गॅरेजात उभा राहू शकतो. सगळे राहिले नाहीत, पण ती वाट उघडी झाली. ट्रकच्या किमतीत ही गोष्ट कुठल्याही लिलावाच्या वहीत लिहिलेली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण वेळ संपत आला. 1947 मध्ये महिंद्रांनी माझगावला विलीज जीप जोडायला घेतल्या. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. या सगळ्यांना ड्रायव्हर आणि मिस्त्री लागले, आणि लष्कराने शिकवलेले हात तयार होते. डिस्पोजलचे ट्रक मात्र हळूहळू बदलत गेले. आधी पुढच्या चाकांची ताकद काढली, कारण पक्क्या रस्त्यावर ती उगाच झिजते आणि पेट्रोल खाते. मग कॅब लाकडी झाली. मग पेट्रोल परवडेना म्हणून कोणी पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. शेवटी चेसीखेरीज मूळचं काही उरलं नाही.

एक प्रश्न आला आहे: 'अमेरिकी ट्रकांचं स्टिअरिंग डावीकडे होतं, मग आपल्या रस्त्यावर ओव्हरटेक कसं करायचे?' चांगला प्रश्न. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसलेला, त्याला समोरून येणारी गाडी दिसतच नाही. म्हणून उजव्या दाराशी क्लिनर. तो मान बाहेर काढून बघायचा आणि ओरडायचा: 'येऊ द्या!' किंवा 'थांबा!' त्याच्या शब्दावर साडेचार टन लोखंड रस्त्याच्या मधोमध जायचं. हा क्लिनर बहुतेक वेळा बारा-चौदा वर्षांचा पोरगा असायचा, आणि पुढच्या पिढीचा मिस्त्री याच पोरांतून आला. त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी बोलू.